फोन घेण्याआधीचं मिनिट

आमच्या घरात दात कोरून पोट भरतं. जगाचं भरत नाही असं म्हणतात. जगाचं जग जाणे. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कवळ्या बनवायचं काम सुरू केलं आणि त्यांच्यामागे मी आणि माझा धाकटा भाऊ ते करतो. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा करतो, साच्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरडी आली की झाली कवळी. कोणाच्या तरी तोंडात जाऊन ती हसते, चावते, भांडते. आम्हाला त्यातलं काही दिसत नाही. दिसते ती फक्त कवळी परत आली तर.

दोन खोल्यांचा कारखाना आहे आमचा. पुढच्या खोलीत खिडकीखाली समोरासमोर दोन टेबलं, एक माझं, एक धाकट्याचं. प्रत्येकावर बर्नर, मेणाच्या सुऱ्या आणि दातांच्या पट्ट्या. कोपऱ्यात तिसरं टेबल आहे, त्यावर आता पार्सलं ठेवतो. मागची खोली प्लास्टरची. तिथे सगळं पांढरं, अगदी दाराची कडीसुद्धा. तिथून बाहेर येणारा माणूस पिठाच्या डब्यात पडून आल्यासारखा दिसतो.

अण्णांचा एकच नियम होता: आपलं काम आपण तपासायचं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही गोष्ट लोक टोमणा म्हणून सांगतात. अण्णांनी तिचा धंदा केला. ते म्हणायचे, दिसतंय ना कुसळ? मग बघा एकमेकांचं! तेव्हापासून धाकट्याचं काम मी तपासते, माझं धाकटा. प्रत्येक कवळीबरोबर एक कार्ड असतं. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव आणि शेरा. शेरे तीनच. पास, दुरुस्ती, पुन्हा. पुन्हा म्हणजे सगळं मेण वितळवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. तपासलेली वस्तू कार्डासकट ज्याची त्याला परत द्यायची, त्याने शेरा स्वतः वाचायचा. अठ्ठावीस वर्षं आम्ही असे समोरासमोर बसून एकमेकांच्या चुका काढतोय आणि तरी एका ताटातलं खातोय, यातच सगळं आलं.

मी पास लिहिते आणि कार्ड पलीकडे सरकवते. तोंडाने काही बोलत नाही. चांगलं झालंय म्हणून पास केलंय, आता त्यावर आणखी काय आरती ओवाळायची? माझ्याबद्दल म्हणतात की मी नाकावर माशी बसू देत नाही. खरं आहे ते, माश्यांनाही आता कळलंय.

धाकट्याचं तसं नाही. तो मऊ माणूस. बावन्न वर्षांचा बाप्या, पण कोणी आवाज वर केला की मेणासारखा होतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, ठकीने, त्याचा एक व्हिडिओ काढला. धाकटा मेणात सुळा कोरतोय, एवढंच. तो तिने फोनवर टाकला आणि कुठल्या कुठल्या लोकांनी तो बघितला. खाली बदाम, टाळ्या, "काय हात आहे!" वगैरे. झालं. त्या दिवसापासून भावाला फोनचं असं काही वेड लागलं की विचारू नका. स्वतःच व्हिडिओ काढायला शिकला. दात बसवला की फोन, हिरडी घासली की फोन. चार माणसांनी वाहवा केली की दिवसभर शीळ घालणार, आणि एखाद्या व्हिडिओला कोणी विचारलं नाही तर जेवताना भात चिवडत बसणार. मी नियम केला की काम करताना फोन बिस्किटांच्या डब्यात. तो बिचारा टाकायचा डब्यात, पण दर अर्ध्या तासाने डबा वाजायचा. माझा फोन डब्यात नसतो. डॉक्टरांचे फोन येतात, कोणीतरी घ्यायला हवेत ना.

गुरुवारी एका मुख्याध्यापिकाबाईंची कवळी परत आली. निवृत्त बाई. अजून शाळेत भाषणाला बोलावतात त्यांना. डॉक्टरांनी चिठ्ठी जोडली होती: "डावीकडे उंच आहे. बोलताना वाजते." मी कवळी साच्यावर बसवून बघितली. खरंच उंच. आंधळ्याला दिसावी इतकी.

मग माझं डोकं सणकलं. म्हटलं, "बोलताना वाजते! भर सभेत बाईंची कवळी टाळ्या वाजवते आणि तुला तुझ्या टाळ्या मोजायच्या असतात. काढलास ना व्हिडिओ हिचा?"

"काढला होता," धाकटा म्हणाला.

"सोमवारपासून तू कोपऱ्यातल्या टेबलावर बस. पार्सलं घे, पार्सलं दे. दातांना हात लावायचा नाही."

त्याने बर्नर विझवला. मग म्हणाला, "दातांना हात लावायचा नसेल तर मी इथे कशाला, ताई?"

"ते तू ठरव."

शुक्रवारी सकाळी आला, बर्नर पेटवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठ्या लॅबवाल्यांशी बोललोय. माझे व्हिडिओ बघितलेत त्यांनी. सोमवारी भेटायला बोलावलंय."

मी म्हटलं, "जा की." आणि मनात पहिला विचार काय आला असेल? की मग माझं काम कोण तपासणार. माणूस किती आप्पलपोटा असतो बघा. समोरचं टेबल रिकामं झालेलं डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच्यावरही एक दिवस पार्सलं चढतील असं वाटलं, हे मात्र मी दुसऱ्या विचारात घातलं.

त्याच दिवशी संध्याकाळी ठकी आली. ती मानसशास्त्र शिकते. कसल्या स्वभावाची माणसं फोनला चिकटतात आणि मनात काय चाललेलं असताना चिकटतात, यावर तिला कॉलेजात काहीतरी लिहून द्यायचं होतं. तिने दोन फॉर्म आमच्या टेबलांवर ठेवले. म्हणाली, "दोघांनी एकेक भरून ठेवा, खरं खरं लिहा, उद्या नेते." आणि पायांत चपला सरकवून गेली. तिला कायम घाई. आत्यावर गेली आहे.

फॉर्मवर वीस वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी अशी घरं होती. बाजूला थोडी मोकळी जागा. सगळी वाक्यं "मी", "मला" अशी. मला वाटलं, पोरीला घाईत नीट लिहिता आलं नाही. कारण फॉर्म म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे समोरच्याची. दुसरं काही असू शकतं हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी "मी" खोडून "हा" केलं आणि धाकट्याला तपासायला घेतलं.

अबोला होताच, त्यामुळे काम झकास झालं. मधेच मान वर केली तर धाकटा माझ्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मीही त्याच्याकडे बघायची आणि लिहायची. कोणी दारातून बघितलं असतं तर वाटलं असतं, दोघं एकमेकांची चित्रं काढतायत.

मी काय लिहिलं ते सांगते, लपवायचं काय? "कौतुकाची गरज वाटते": नेहमी, लहानपणापासून. "लाइक कमी आले तर मन खट्टू होतं": नेहमी, भात चिवडतो. "चटकन राग येतो": कधीच नाही, हाही एक दोषच. "एकटं वाटतं तेव्हा फोन घेतो": एकटा कुठे आहे? मी समोर असते. शेवटी एक प्रश्न होता, त्याला घरं नव्हती, नुसत्या ओळी होत्या. "फोन हातात घेण्याच्या अगदी आधी काय घडलेलं असतं?" मी आठवून बघितलं आणि जे दिसतं ते लिहिलं. खाली शेऱ्याला जागा नव्हती, तरी सवयीने शेरा लिहिला. पुन्हा. गुरुवारचा राग होता त्यात, दुसरं काय.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ठकी आली, फॉर्म उचलले, आणि उभ्या उभ्या वाचता वाचता खुर्चीत बसली.

"बाबा, हा तू भरलास?"

"हो."

"पण हा तर आत्याचा आहे!"

"मग? माझा ताईने भरलाय."

ठकीने कपाळाला हात लावला. "अरे, स्वतःचा भरायचा होता! अख्खं जग स्वतःचा भरतं! माझ्या सत्तर लोकांपैकी एकानेही असा घोळ घातला नाही."

"स्वतःचं स्वतः काय तपासायचं?" मी विचारलं. मला खरोखर कळत नव्हतं.

ती हसायला लागली, मग हसता हसता तिची नजर पुन्हा कागदावर गेली आणि तिने दोन्ही फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकले. "जाऊ दे. हे बाद. नवीन देते."

मी जागेवरून उठले. "बाद झाले तरी तपासलेली वस्तू ज्याची त्याला परत जाते. दे इकडे."

"आत्या, नको. हे खासगी असतं."

"खासगी असतं तर दुसऱ्याकडून भरून कशाला घेतलंस?"

तिने फॉर्म दिले. माझा मी घेतला, धाकट्याचा धाकट्याला दिला. नियम म्हणजे नियम, असं मोठ्या तोऱ्यात मनाशी म्हटलं. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय हे तेव्हा कळलं नाही.

धाकटा सावकाश वाचतो. ओठ हलवत वाचतो. मी माझा फॉर्म न उघडता त्याच्या तोंडाकडे बघत बसले. भाताशी आल्यावर तो थोडा हसला. "मी समोर असते" याच्याशी बराच वेळ थांबला. मग खाली गेला आणि शेवटच्या ओळी मोठ्याने वाचल्या.

"फोन हातात घेण्याच्या अगदी आधी काय घडलेलं असतं? 'मी त्याचं काम तपासून परत दिलेलं असतं.'" त्याने वर बघितलं. "हे तू लिहिलंस?"

"जे दिसतं ते लिहिलं."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तू कार्ड सरकवतेस. मी बघतो, पास असतं. आणि मग काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. म्हणून फोन घेतो."

ठकी हळूच म्हणाली, "आमचे सर हेच सांगतात. सवय बघू नका, म्हणतात. सवयीच्या आधीचं मिनिट बघा."

"तुझ्या सरांना म्हणावं, मधे बोलू नका," मी म्हटलं. सर तिथे नव्हते, पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

धाकट्याने शेरा वाचला. फॉर्मची नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सोमवारी मी जातोच, ताई. 'पुन्हा' म्हणतेस. आता बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा कुठून होऊ?"

मला त्या खोलीत बसवेना. मी प्लास्टर कालवायचं निमित्त काढून मागे गेले, दार लोटलं, पिंपावर बसले आणि माझा फॉर्म उघडला.

धाकट्याचं अक्षर दातांसारखंच, सरळ रांगेत. "चटकन राग येतो": नेहमी, पण चहा होईपर्यंत उतरतो. "मनातलं बोलून दाखवणं जड जातं": नेहमी. "एकटेपणा जाणवतो": बऱ्याचदा, विचारलं तर नाही म्हणेल. "फोन बघितला नाही तर बेचैनी येते": नेहमी. आणि बाजूला बारीक अक्षरात: "दिवसातून अकरा वेळा प्लास्टरच्या खोलीत जाते. प्लास्टर तीन वेळा लागतं."

मी वाचलं आणि हातातल्या फोनकडे बघितलं. हो, हातात होता. कधी काढला ते सांगता येणार नाही. तोंडात मारल्यासारखं झालं.

मी व्हिडिओ टाकत नाही, फोटो टाकत नाही, कोणाला बदाम देत नाही. त्यामुळे मला वाटायचं, आपण त्यातले नाही. मी फक्त बघायची. माझा मुलगा परदेशात असतो, एका रोपवाटिकेत काम करतो. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला की तो तिकडे फोनवर आहे एवढं समजतं. तेवढं बघायचं आणि फोन बंद करायचा. ठिपका असला की बरं वाटायचं, आणि लगेच रागही यायचा, की बघा, जगाशी बोलायला वेळ आहे, आईला नाही. नसला की पुन्हा बघायचं. अकरा वेळा. भाऊ म्हणतो म्हणजे अकराच असणार.

मुलगा दीड वर्ष आमच्याकडे बसायचा, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. त्याचंही काम मीच तपासायची. हात वाईट नव्हता त्याचा. आता वाटतं, चांगला होता. तेव्हा तसं बोलले नाही. एक दिवस म्हणाला, मला झाडांचं काम बघायचंय. मी म्हटलं, जा की. तो गेला, त्याने फोन करायची मी वाट बघत राहिले, आणि मी करायची तो वाट बघत असावा, कारण नाकावरची माशी त्यालाही वारशाने मिळाली आहे.

मी पुढे वाचलं. शेवटच्या प्रश्नाखाली धाकट्याने लिहिलं होतं: "काहीच घडलेलं नसतं. दुपार झालेली असते. पूर्वी या वेळी भाचा डबा उघडायचा आणि आज काय आहे म्हणून ताई त्यात डोकवायची." त्याच्या खाली आणखी एक ओळ: "गेल्या मंगळवारी मुख्याध्यापिकाबाईंची कवळी तपासायला हातात असताना ताईने दोनदा फोन बघितला. हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण तपासणी ती तपासणी."

आणि अगदी तळाला, रेघ मारून, शेरा. पास.

तिथे मला रडू आलं. उगाच कशाला लपवा, चांगलं हुंदके देऊन आलं. गुरुवारी मी त्याला बोल बोल बोलले होते आणि त्याला माहीत होतं. कवळी उंच बसली ही त्याची चूक. उंच बसलेली कवळी दारातून बाहेर गेली ती माझी. ती माझ्या हातातून गेली होती. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि लिहायची वेळ आली तेव्हा खरं ते लिहून, वर मला पास करून मोकळा झाला.

डोळे पुसले. प्लास्टरचा हात डोळ्यांना लागला, तसे आणखी चुरचुरले. फोनवर ठिपका हिरवा होता. तिकडे पहाटेचे चार. मी ठिपक्याच्या शेजारच्या खुणेवर बोट ठेवलं, आणि विचार करायच्या आत तिकडे वाजलंसुद्धा.

"आई?" मुलाचा आवाज घाबरलेला. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. फोन केलाय."

"तू?"

"मीच. पहाटे चार वाजता फोनवर काय करतोस? झोपायचं सोडून जगाच्या उचापती बघत बसायच्या?"

तिकडे तो हळूच कण्हला. मग म्हणाला, "दाढ दुखते, आई. झोप येत नाही. काहीतरी बघत बसलं की जरा विसर पडतो."

"कधीपासून?"

"दोन महिने होतील."

दोन महिने. रोज अकरा वेळा मी तो ठिपका बघत होते. तो जागा आहे एवढं मला ठिपक्याने सांगितलं. का जागा आहे, ते विचारल्याशिवाय कोण सांगणार?

"अरे, दाताच्या घरातला तू, आणि दोन महिने दाढ धरून बसलास? सांगायचं नाही?"

"तू तपासली असतीस," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

मी पण हसले. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. दिसले तर दिसले. मग मी त्याला कुठली दाढ, थंड लागतं की गरम, गाल सुजतो का, सगळं विचारलं. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा म्हणून शपथ घातली. तो हो हो म्हणाला, आणि फोन ठेवायचं सोडून कुठल्याशा रोपाबद्दल सांगायला लागला. त्याला सावलीत ठेवलं की फुलतं आणि उन्हात ठेवलं की रुसतं. दहा मिनिटं सांगत होता. मी मधे एकदाही बोलले नाही. माझ्या हिशेबाने हा विक्रम आहे.

बाहेर आले तेव्हा ठकी निघण्याच्या तयारीत होती आणि धाकटा त्याच्या सुऱ्या एका फडक्यात गुंडाळत होता. अण्णांनी दिलेल्या सुऱ्या. मोठ्या लॅबमध्ये त्या लागतील असं त्याला वाटलं असावं. एकेक सुरी पुसून ठेवत होता.

"थांब," मी म्हटलं.

कपाटातून मुख्याध्यापिकाबाईंचं कार्ड काढलं. बनवणारा, धाकटा. तपासणारी, मी. शेरा, पास. माझीच सही. आमच्याकडे शेरा बदलायचा तर खोडायचा नाही, एक सरळ रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं आणि पुन्हा सही करायची. मी "पास"वर रेघ मारली, "दुरुस्ती" लिहिलं. कारण: तपासणाऱ्याची चूक. सही केली आणि कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

"आता तुझा फॉर्म दे."

"बाद आहे ना तो?" धाकटा म्हणाला.

"दे म्हणते ना."

त्याने खिशातून काढून दिला. मी "पुन्हा"वर रेघ मारली. लिहिताना पेन अडखळलं, म्हणून दोनदा गिरवलं. पास. कारण: तपासणाऱ्याची चूक. सही.

धाकट्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, ओठ हलवत. एक आधी, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. ठकी दाराशी उभी होती. तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "आणि तोंडाने?"

"तोंडाने काय?"

"शेरा."

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं की त्याला माहीतच आहे. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "तुझा हात अण्णांपेक्षा चांगला आहे. आधीपासूनच होता. हे मी त्यांच्यादेखतही म्हटलं असतं. नाही, म्हटलं नसतं. पण म्हणायला हवं होतं. तू जाऊ नकोस. व्हिडिओ काढायचे तर काढ, माझ्या टेबलावर उजेड चांगला येतो, इथे बसून काढ. पण जाऊ नकोस."

त्याचा चेहरा लाल झाला. मान खाली गेली. मी बघत राहिले. आता तो फोन घेईल, मला सवयीने माहीत होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं. ठकीही घड्याळाकडे बघत होती.

धाकट्याने फडकं उलगडलं, त्यातली बारीक सुरी उचलली, मुख्याध्यापिकाबाईंचा कवळीसकट साचा पुढ्यात ओढला आणि डावी बाजू उतरवायला बसला.